निळ्या फ्रॉकचं माप

एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता सोलापुरात दोनच प्रकारची माणसं रस्त्यावर दिसतात — ज्यांना काही विकायचंय ती, आणि आपल्याला कुणी बघू नये असं ज्यांना वाटतं ती. तो दुसऱ्यातला होता.

छातीशी घट्ट धरलेली कापडी पिशवी, कपाळावर घाम, आणि दर दोन पावलांनी मागं वळून बघणं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, चोर! मी कटिंगच्या टेबलावरची मोठी कात्री उचलली. दुकानात मी एकटीच होते. आबा मागच्या खोलीत जेवून आडवे झाले होते, आणि त्यांच्या घोरण्याला घाबरून चोर पळाल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

“लेडीज टेलर ना?” त्यानं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

“बोर्ड वाचा की.”

“वाचला. सुकन्या टेलर्स.”

“त्याच्या खाली?”

तो पुन्हा उन्हात गेला, मान वर करून बराच वेळ उभा राहिला आणि परत आला. “खाली काही नाहीये हो. नुसतं पांढरं झालंय.”

खरंच होतं ते. मी जन्मले त्या वर्षी आबांनी मोठ्या हौसेनं दुकानाला माझं नाव दिलं आणि खाली ‘जेन्ट्स स्पेशालिस्ट’ असं रंगवून घेतलं. नवी पेठेतल्या आमच्या बोळात दुपारचं ऊन नेमकं त्या बोर्डावर येतं. इतक्या वर्षांत उन्हानं जेन्ट्स खाऊन टाकले, सुकन्या तेवढी उरली.

“हितं पँट-शर्ट शिवतात,” मी म्हणाले. “लेडीज पाहिजे तर पुढं चौकात—”

“तिथूनच आलोय. हसले ते.”

ते ‘हसले ते’ त्यानं अशा आवाजात म्हटलं की मी कात्री खाली ठेवली. इथंच माझं चुकलं. कात्री हातात असती तर पुढचं काही झालं नसतं, आणि आज मी जे सांगतेय ते सांगायला उरलंही नसतं.

त्यानं पिशवीतून एक जाडसर पुस्तक काढलं आणि मागच्या बाजूनं उघडलं. सगळी काळी-पांढरी चित्रं.

“मागून कशाला उघडताय?”

“जपानी कॉमिक आहे. हे असंच वाचतात, उजवीकडून.” त्यानं बोट ठेवलं. एक रंगमंच, अर्धा सरकलेला पडदा, आणि मधोमध फ्रॉक घातलेलं कुणीतरी. फुगा बाही, लेसची कॉलर, कमरेत घट्ट, आणि खाली घेरच घेर. “असा हवाय. निळा. माझ्या... बहिणीसाठी.”

“माप?”

“माझ्याएवढीच आहे.”

“खांदा?”

“माझ्याएवढाच.”

“उंची?”

“तेवढीच...”

“मिशी पण हाय का तुमच्याएवढीच?”

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर हळूच टेकला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, “मला बहीण नाहीये.”

पंखा घरघरत होता. आबा घोरत होते. आणि मला — खरं सांगते — हसू आलंच नाही. माझ्या मागच्या फळीवर त्या दिवशी गजीच्या झग्यांचं पांढरं कापड रचून ठेवलं होतं. आमचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं. माणसं मेंढरं राखणारी. बिरोबाच्या जत्रेला ढोल लागला की पिळदार मिशांचे बाप्ये पायघोळ झगे घालून गजी नाचतात, आणि गिरकी घेतली की झग्याच्या घेराला जोडलेल्या कळ्या अशा उघडतात की बघत राहावं. गावचे झगे आबा शिवत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, ऑपरेशन एका डोळ्याचं बिघडलं, दुसऱ्याची त्यांनी धास्ती घेतली, आणि तेव्हापासून दुकानातली कात्री माझ्या हातात आली. गड्याच्या अंगावर घेर बघून हसायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पण भीती वाटली. फार वाटली. त्याचं कारण येडूतात्या.

येडूतात्या म्हणजे आबांचा थोरला भाऊ. गजीमंडळाचा म्होरक्या, सहा फूट उंच, आणि गावात त्याच्यापुढं कुणी मोठ्यानं खोकत नाही. मी बी. कॉम. होऊन दुकानात बसले तेव्हा तो मुद्दाम सोलापुरात आला होता. “पोरीनं गड्यांची कापडं शिवायची? बरं, शिव. पर बिभीषणा, एक जरी बोल आला ना, त्या दिशी शटर खाली, आन हिचं लगीन.” आबांनी मान हलवली. आबा आयुष्यभर तात्यापुढं मानच हलवत आलेत. तेव्हापासून आबा शटर वर करतात तेव्हा मी रोज बोळाच्या दोन्ही टोकांना बघते. दुकान गेलं तर मी कोण उरेन, हे मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

अशा वेळी शहाण्या मुलीनं काय म्हणावं? ‘जमणार न्हाई.’ मी म्हणाले, “निळा म्हणजे कंचा? आकाशी का मोरपंखी?”

त्यानं मान वर केली. डोळे घारे होते. भ्यालेले, पण घारे.

माप घेताना पंचाईत झाली. परक्या पुरुषाचं माप आबा घ्यायचे, बोटांनी चाचपून. मी फक्त आकडे लिहायची. आता आबांना उठवणं शक्य नव्हतं. मी पडद्याआड आरसा होता तिकडं त्याला पाठवलं, टेप आत फेकली आणि बाहेरून सांगत राहिले — इथून धरा, तिथं न्या.

“कंबर?”

“बहात्तर!”

“बहात्तर? माणसाची का म्हशीची?”

“टेपवर बहात्तरच आहे हो...”

“टेप पलटी करा. ती सेंटिमीटरची बाजू हाय.”

“अरे हो... अठ्ठावीस.” मग अगदी बारीक आवाजात, “मी गणिताचा शिक्षक आहे. कुणाला सांगू नका.”

मला हसू फुटलं. पडद्याआड तोही हसला. खांद्याचं माप मात्र त्याला काही केल्या घेता येईना. एक टोक धरलं की दुसरं सुटायचं. शेवटी मी श्वास रोखून पडदा सरकवला, मागून टेप लावली, आकडा बघितला आणि उडी मारावी तशी बाहेर आले. टेपचं टोक त्याच्या मानेला लागलं असेल नसेल. पण संध्याकाळपर्यंत मला सुईत दोरा ओवता आला नाही.

नाव सांगितलं त्यानं — अनिमेष मोहोळकर. एका खासगी शाळेत शिकवायचा. वडील निवृत्त मुख्याध्यापक, आजोळी देवळातली पूजा. म्हणजे आमच्या आणि त्यांच्या घरात केवढं अंतर होतं ते मला तेवढ्यावरून कळलं. मी स्वतःला बजावलं, सुकन्ये, फ्रॉक शिवायचा, पैसे घ्यायचे, विसरायचं.

हो, विसरायचं म्हणे!

तो सोमवारी-गुरुवारी संध्याकाळी ट्रायलला यायचा आणि येताना त्या मालिकेचा पुढचा भाग आणायचा. मालिकेचं नाव त्याच्या मराठीत ‘उद्या तू राजपुत्र’. इंग्रजीतली पुस्तकं होती, अडेल तिथं तो सांगायचा. त्यात सायो नावाची एक उंच मुलगी आहे. पँट घालते, तलवारबाजी खेळते, सगळी शाळा तिला राजपुत्र म्हणते. आणि हिसाशी नावाचा एक भित्रा मुलगा. नाटकाच्या दिवशी राजकन्या होणारी मुलगी आजारी पडते आणि फ्रॉक हिसाशीला घालावा लागतो. सगळ्यांना वाटतं, तो रडेल. तो आरशात बघतो आणि... हसतो. तिथून दोघं ठरवतात, एक दिवस राजपुत्र तू, एक दिवस मी.

“सायोला भीती वाटतच न्हाई व्हय कशाची?” मी फ्रॉकच्या कळ्या जोडता जोडता विचारलं.

“वाटते. अकराव्या भागात कळतं.”

“मग दहा भाग काय करते?”

“लपवते.” तो स्टुलावर बसून माझ्या पायडलकडं बघत होता. “तुमच्यासारखी.”

मशीन थांबलं. “मी कुटं लपवते?”

“बाहेर कुणाची पावलं वाजली की तुम्ही फ्रॉकवर पँटचं कापड टाकता. आत्ता पाच मिनिटांत तीनदा टाकलंत.”

“आन तुमी? तुमी तर स्टुलाखाली जायचे बाकी हाय.”

“स्टूल लहान आहे ना,” तो गंभीरपणे म्हणाला. “मोठं घ्या एखादं.”

हे असं चालायचं. आबांना मी सांगितलं होतं, शाळेतले मास्तर आहेत, त्यांच्या नाटकाचे कपडे आहेत. आबा आतून “बसा मास्तर” म्हणायचे आणि चहा सांगायचे. मी दर वेळी घामाघूम व्हायची. आबांशी खोटं बोलणं म्हणजे दिसत नाही अशा माणसाचा हात सोडण्यासारखं वाटायचं. आणि तरी सोमवार-गुरुवार संध्याकाळी मी ओढणी बदलायची. कुणासाठी, ते विचारू नका.

एकदा मी विचारलंच. “पण कशासाठी हो हे सगळं?”

तो मग म्हणाला, “पुण्यात ही कॉमिक वाचणाऱ्यांचा मेळावा असतो. आवडत्या पात्राचे कपडे घालून जातात सगळे. मी दोन वर्षं नुसता बघून आलो, शर्टपँटमध्ये.” त्यानं लेसचा एक तुकडा बोटाभोवती गुंडाळला. “मला मुलगी व्हायचं नाहीये, सुकन्या. मला फक्त... एकदा न घाबरता सुंदर दिसायचंय. मुलांना हे कुणी विचारतच नाही ना, तुला सुंदर दिसायचंय का म्हणून.”

माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. मी खाली बघून टाका घातला आणि तो टाका वाकडा गेला. मनात म्हटलं, दिसता की... पण तोंडातून शब्द निघाला नाही. माझ्या तोंडातून वेळेवर काही निघत नाही, ही माझी जुनी खोड.

फ्रॉक जत्रेच्या आठवड्यात पूर्ण झाला. मेळावा रविवारी, जत्रा शनिवारी. मी फ्रॉकला इस्त्री करून, घडी घालून झग्यांच्या फळीवरच ठेवला, कारण तिथं कुणी हात लावत नाही. बुधवारी दोरे आणायला बाजारात गेले आणि परत आले तर फळी रिकामी.

“दादा आलता,” आबा खुशीत म्हणाले. “झगे घेऊन गेला. मी बांधून दिलं गाठोडं.”

“सगळे?”

“सगळे. आन पोरी, म्होरक्याचा झगा काय शिवलायस गं! बोटांनी घेर बगितला मी. एवढ्या कळ्या मी बी कवा घातल्या न्हाईत. गाठ मारून दादाला म्हणलं, तळाचा येगळा हाय, हा तुजा.”

“आबा... त्याचा रंग...”

“रंग कुटं दिसतोय मला?” ते हसत म्हणाले.

दोऱ्यांची पिशवी हातातून पडली आणि रिळं बोळात पार गटारीपर्यंत घरंगळत गेली.

रात्रीपर्यंत धीर धरवला नाही. मी पाण्याच्या टाकीमागं उभं राहून त्याला फोन केला. सांगता सांगता रडायला यायला लागलं. तो ऐकत राहिला.

“गाठोडं उघडलं असेल का त्यांनी?”

“न्हाई. शनिवारपर्यंत देवापुढं असतं. नाचायच्या वेळी सोडतात. मदी कुणी हात लावायचा न्हाई, तशी रीतच हाय.”

“मी येतो शनिवारी तुमच्या गावी.”

“येऊ नका!” मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारचं कुत्रं उठलं. “तुमची शाळा हाय. तिथं कुणी वळखीचं असलं तर? मी बगते काय ते. मी सांगीन... सांगीन कायतरी.”

“काय सांगणार?”

ते मलाही माहीत नव्हतं. मी फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी आबा आणि मी एसटीनं मंगळवेढ्याला आणि तिथून जीपनं गावी गेलो. मी सगळ्या देवांची नावं घेतली. देवळात गेले तर गाठोडं बिरोबापुढं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं, आणि त्याच्या शेजारी तात्या मांडी घालून बसलेला. सरकायचं नाव नाही. मी दोनदा पाया पडायला गेले, दोनदा तसंच परत आले.

ऊन कलल्यावर पटांगणात रिंगण धरलं. ढोल आले, कैताळाच्या मोठ्या झांजा आल्या. तात्यानं गाठ सोडली. एकेक पांढरा झगा एकेकाच्या खांद्यावर पडत गेला, तात्यासाठी शिवलेलासुद्धा दुसऱ्याच कुणाच्या, आणि शेवटी खाली उरला तो निळा. पटांगणात कुजबूज झाली. तात्यानं तो उचलला, लेसकडं बघितलं, आबांकडं बघितलं. पण धाकट्या भावानं ‘हा तुजा’ म्हणून दिलेलं, आणि सगळं गाव बघत होतं. त्यानं तो डोक्यावरून चढवला.

आणि अडकला. खांद्यावर अडकला, दंडावर अडकला. फुगा बाहीतून त्याचे दांडगे हात अर्धवट बाहेर, कॉलर कपाळाशी, आणि पाठ उघडी. आतून आवाज आला, “बिभीषणा! ह्याची बटणं मागं का रं?”

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. येडूतात्याला कुणी हसलेलं मी त्या गावात कधी बघितलं नव्हतं, त्यानंही नसेल. त्यानं फ्रॉक ओढून काढला तेव्हा त्याचं तोंड बघून रिंगण गप्प झालं. त्यानं फ्रॉक दोन हातांत धरून उन्हात पसरला. तो मेंढरं पारखणारा माणूस, एका नजरेत काय ते ओळखतो.

“गळा बाईचा. बटणं मागं. खांदा मातर गड्याचा.” तो माझ्याकडं वळला. “सुकन्ये. कुणासाठी शिवलंस हे?”

नाव सांगितलं तर त्याची शाळा जाते, अब्रू जाते. नाही सांगितलं तर शटर खाली. आबा शेजारी उभे होते, आवाजाच्या दिशेनं मान फिरवत. “काय झालं? पोरी, काय झालं?” मी नुसता त्यांचा हात घट्ट धरला.

“माझा आहे.”

आवाज चिरका होता, नारळाच्या दुकानाकडून आला. लोकांनी वाट दिली. अनिमेष. पांढरा शर्ट, केसांत कुणीतरी उधळलेला भंडारा, आणि चेहरा त्या शर्टापेक्षा पांढरा.

“माझा आहे तो फ्रॉक,” तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा नीट. “मी शिवायला टाकला. त्या नको म्हणत होत्या, मीच ऐकलं नाही.”

मी नको म्हटलंच नव्हतं कधी.

“तू कोन?”

“अनिमेष मोहोळकर. सोलापूरला शाळेत शिकवतो.”

“मास्तर फ्रॉक घालतंय!” मागून कुणीतरी शिट्टी मारली. तात्यानं नुसतं तिकडं बघितलं, शिट्टी अर्ध्यात थांबली.

“कुटं घालनार हुतास हे?”

“पुण्यात. उद्या मेळावा आहे आमचा.”

“तितं हसत न्हाईत?”

“तिथं नाही हसत.” तो थांबला. “म्हणून तर तिथं जायचं होतं.”

तात्यानं फ्रॉक त्याच्यासमोर धरला. “ह्या गाठोड्यातलं कापड अंगाला लागल्याबिगर माघारी जात न्हाई. तुजा हाय, तर घाल. हितं.”

ही शिक्षा होती की परवानगी, तात्याच्या आवाजावरून मला काही कळेना. अनिमेषनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग शर्ट काढून शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि बनियनवर फ्रॉक चढवला. खांदा बरोबर बसला. बाही बरोबर बसली. कमरेपाशी कापड नेमकं आलं. पण पाठ उघडी. त्यानं हात मागं नेले, वरून, खालून, पुन्हा वरून. बटण सापडेना. हसणं पुन्हा सुरू झालं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकही गडी पुढं येईना, कोण येणार? तो तसाच उभा होता, हात पाठीशी, आणि त्याची मान लाल होत चालली होती.

मी गेले तर सगळ्यांना कळणार होतं. फ्रॉक शिवला एवढंच नाही, बाकीचंही. चारचौघांत परक्या पुरुषाच्या पाठीची बटणं लावणारी मुलगी! त्यानंतर बोलायला काही शिल्लक राहत नाही. मी आबांचा हात सोडला आणि गेले.

पहिलं बटण काजात जाईना.

“सुकन्या,” तो ओठ न हलवता पुटपुटला, “पळून जाऊ या का?”

“बटणं लागल्याबिगर न्हाई.”

“तू थरथरतेयस.”

“तू पण की.”

दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं ते असं, एवढ्या माणसांत, आणि कुणाला ऐकू गेलं नाही. मी बटणं लावत खाली आले. शेवटचं लागलं तेव्हा पटांगणात कुणी हसत नव्हतं. सगळे आता माझ्याकडं बघत होते, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

तात्यानं हात वर केला. ढोल वाजला.

अनिमेषला गजी येत नव्हती. दोन पावलं पुढं, एक मागं, हेसुद्धा चुकत होतं. पण गिरकीच्या ठेक्याला त्यानं डोळे मिटले, हात पसरले आणि फिरला. आणि माझ्या कळ्या उघडल्या. सगळ्या, एकदम. निळा घेर पटांगणात गोल उभा राहिला. कुणीतरी म्हातारं माणूस “आगं आयाय...” म्हणालं, कौतुकानं. दुसऱ्या गिरकीला तो धपकन पडला, उठला, धूळ न झाडता पुन्हा फिरला. तो हसत होता. त्या क्षणी तो भीत नव्हता, आणि सुंदर दिसत होता. हे मी त्याला सांगायला हवं होतं तेव्हा सांगितलं नव्हतं.

ढोल थांबला. तात्या घाम पुसत आबांपाशी आला.

“बोल तर आलाच, बिभीषणा. ठरलं हुतं आपलं. शटर खाली.”

इतके दिवस ज्याला भीत होते ते समोर आलं. आणि माझ्या तोंडातून आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर शब्द निघाला.

“तात्या, मला हा आवडतो.”

एवढंच. कैताळवाल्याच्या हातून कैताळ निसटला तेवढा आवाज झाला. अनिमेष फ्रॉकमध्ये माझ्याकडं वळून बघत राहिला, तोंड उघडं टाकून.

तात्या आबांकडं वळला. “बिभीषणा, ऐकलंस का?”

हात पुढं करून आबा चाचपत चाचपत आले, फ्रॉकची कड बोटांत धरली आणि शिलाईवरून अंगठा फिरवत राहिले. मी मान हलण्याची वाट बघत होते. आयुष्यभर हलत आलेली ती मान.

“दादा,” ते म्हणाले, “मला दिसत न्हाई. पर हा फिरला ना, तवा घेराचा वारा माझ्या तोंडाला लागला. माझ्या हातच्या झग्याचा कवा लागला न्हाई.” माझ्याइतकेच भ्याले होते ते. “शटर रोज मी उचलतो. दुकान सोमवारी उगडंल.”

तात्या हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. खाली पडलेला कैताळ उचलून ज्याचा त्याला दिला आणि रिंगणाकडं चालू लागला.

“मास्तर,” आबा म्हणाले, “उद्या पुण्याला कंच्या गाडीनं निगालाय?”

“सकाळच्या... पहिल्या रेल्वेनं,” अनिमेष कसाबसा म्हणाला.

“मग आमी दोघं बी येतो. बटणं मागं हायती. तुमाला एकट्याला लागायची न्हाईत.”

अनिमेषनं माझ्याकडं बघितलं. सगळं गाव आमच्याकडं बघत होतं. पण मी मान खाली घातली नाही.